टाकायच्या आधी एक उन्हाळा

लेकींनो, सुनांनो, नातवांनो, उन्हाळ्यात उदगीरला आलात की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आज्जी, हे सगळं कशाला ठेवलंय?’ मोडकी बाज, तेलाचे रिकामे डबे, जुन्या माळवदाच्या किलच्या, फाटक्या लुगड्यांचं गाठोडं, गळका माठ. याचं उत्तर मला माझ्या सासूबाईंनी दिलं होतं, ते तुम्हाला लिहूनच देते. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होतं. १९५६ ला ते उस्मानाबादेत गेलं, १९८२ ला लातूर जिल्हा झाला. सासूबाईंचा नेम मात्र शेवटपर्यंत एकच राहिला. घरातली कुठलीही वस्तू एक उन्हाळा बघितल्याशिवाय बाहेर टाकायची नाही.

नेमाला कारण होतं. वस्तूला दुसरं काम लावायला सवड लागते, आणि आपल्याकडं ती सवड उन्हाळ्यातच मिळते. तूर झोडपून झालेली, ज्वारी-हरभरा घरात आलेला, पेरणीला मृगाची वाट बघायची. रान मोकळं, लेकरांची शाळा बंद. म्हणून बाज विणायची ती आता, छत शाकारायचं ते आता, गोधडी घालायची ती आता. आणि याच कामात लेकरांचा उन्हाळा जायचा. त्यांना रमवायला म्हणून घरात वेगळं काही कधी आणलं नाही. माझं सांगणं एवढंच आहे की काम आणि सुटी वेगळी करू नका. लेकरू ज्या वस्तूला हात लावून ती उभी करतं, ती वस्तू त्याची होते, आणि मग त्याला ‘कंटाळा आला’ म्हणायला फुरसत राहत नाही.

सुरुवात तुराट्यांपासून करते, कारण आपल्या भागात टाकून दिली जाणारी सगळ्यात मोठी चीज तीच आहे. उदगीर-लातूरकडं तूर किती पिकते ते इथल्या डाळमिलांवरून कळतं. शेंगा निघाल्या की तुराट्यांचे ढीग बांधावर पडतात आणि हल्ली बरेच जण तिथंच काडी लावून मोकळे होतात. ती काडी लावू नका. आधी तुराट्यांचा कूड व्हायचा, डालगी व्हायची, कोंबड्यांचं खुराडं व्हायचं, उरलेल्या चुलीत जायच्या. आता घरावर पत्रे आले आहेत, तर तुराट्यांचा सगळ्यात चांगला उपयोग पत्र्यावरच आहे.

करंगळीएवढ्या जाडीच्या, सरळ तुराट्या निवडा. वाळलेली तुराटी वाकवली की कटकन मोडते, म्हणून जुड्या बांधून रात्रभर हौदात बुडवून ठेवा. सकाळी जमिनीवर चार आडव्या काठ्या मांडा, निर्गुडीच्या किंवा बांबूच्या. त्यांच्यातून एक तुराटी वरून, एक खालून अशी ओवत जा आणि दर चार-पाच तुराट्यांनंतर हातानं ठोकून घट्ट बसवा. कडा साडीच्या पट्ट्यांनी बांधून घ्या. तट्टी दोघांना उचलता येईल एवढीच करा, फार मोठी केली तर ती चढवताना मोडते. ही तट्टी पत्र्यावर नुसती पसरू नका. खाली विटांचे तुकडे ठेवून पत्रा आणि तट्टी यांच्यात वीतभर जागा सोडा. ऊन तट्टीवर पडतं, पत्रा सावलीत राहतो, आणि मधल्या जागेतून वारं खेळलं की तापलेली हवा निघून जाते. आप्पा, म्हणजे तुमचे पणजोबा, ही वीतभर जागा स्वतः हात घालून तपासायचे. जागा सोडली नाही तर सगळी मेहनत फुकट जाते.

तट्टीचे चारही कोपरे खालच्या अँगलला बांधा. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर वळवाचं वारं उठतं आणि सैल बांधलेलं काहीही शेजारच्या अंगणात नेऊन टाकतं. चुलीच्या वर किंवा विजेच्या तारेजवळ तट्टी नको. तुराटी वाळली की ठिणगीलाच टपलेली असते.

तट्टी जमणार नसेल, स्लॅबचं घर असेल, तर चुना लावा. अहमदाबाद शहरानं २०१३ मध्ये उष्म्यापासून बचावाचा आराखडा केला आणि गरिबांच्या घरांची छतं पांढरी करायचं काम पुढं हाती घेतलं. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच काढलं. पांढरं छत ऊन परत फेकतं, एवढंच त्यातलं शास्त्र आहे, आणि चुन्याचे हात देणाऱ्या आपल्या गवंड्यांना ते ठाऊक होतं. कळीचा चुना आणा आणि लोखंडी पिंपात आधी पाणी भरून त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. चुन्यावर पाणी ओतायचं नाही. त्याला उकळी फुटते आणि ती अंगावर उडते, डोळ्याला धोका असतो. हे काम मोठ्यांनीच करायचं, लेकरांना त्या वेळी लांब ठेवायचं. रात्रभर निवलेला चुना जुन्या धोतरातून गाळून घ्या, त्यात थोडं मीठ आणि थोडा डिंक किंवा फेविकॉल घाला, आणि ऊन उतरल्यावर दोन हात द्या. पावसाळ्यात तो धुऊन जाईल, पुढच्या पाडव्याला परत लावा.

आता बाजेचं. हे मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण बाज विणणारी माणसं गावात कमी होत चालली आहेत आणि बाजेचे सांगाडे मात्र घराघरात माळ्यावर पडून आहेत. बाभळीचे चार माचवे, म्हणजे पाय, आणि चार गाते, म्हणजे चौकटीच्या दांड्या, शाबूत असल्या की बाज जिवंत आहे असं समजा. दोरीचं काय ते नंतर बघता येतं. आधी बांधाला अंबाडी असायची, तिचा वाख काढून आप्पा दोरी वळायचे. अंबाडी आता भाजीपुरती राहिली. तिची जागा साड्यांनी घेतली आहे आणि साडीची दोरी खरंच चांगली होते.

त्यात निवड करावी लागते. सुती लुगडं गोधडीला ठेवा. नायलॉनची, पॉलिस्टरची साडी दोरीला घ्या. ती कुजत नाही आणि ओढ सोसते. साडी लांबीत चार बोटं रुंदीच्या पट्ट्यांत फाडायची. काठाला कात्रीनं खाच दिली की बाकीची सरळ फाटत जाते. एका पट्टीचं टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसऱ्या टोकाला वीतभर काठी अडकवा आणि ती काठी नातवाच्या हातात द्या. त्यानं ती एकाच दिशेनं फिरवत राहायचं, पट्टीला आपोआप कडी पडायला लागेपर्यंत. मग तुम्ही मध्यावर पकडा आणि त्याला काठीचं टोक गजापाशी आणायला सांगा. तुम्ही मधला भाग सोडला की दोन्ही पदर आपण होऊन एकमेकांवर उलट्या दिशेनं वळतात आणि दोरी तयार होते. एक पीळ उजवा, दुसरा डावा, म्हणून दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात आणि दोरी उसवत नाही. लेकराला हे तोंडानं समजावू नका, करायला द्या. पहिल्यांदा ती दोरी हातात आपोआप वळताना बघून डोळे विस्फारले नाहीत असं लेकरू मी पाहिलं नाही. वळताना लांबी निम्म्याहून कमी होते, तेव्हा पट्ट्या आधीच भरपूर फाडून एकमेकींना गाठ मारून ठेवा.

विणताना पायथ्याकडं हातभर जागा सोडून एक आडवी जाड दोरी घ्या. सगळी वीण त्या आडव्या दोरीत अडकवायची. कोपऱ्यापासून तिरकं निघायचं, दोन वर, दोन खाली. लेकरू समोर बसवून त्याला मोठ्यानं म्हणायला लावा, चुकलं की त्यालाच आधी कळतं. वीण पूर्ण झाली की मग आडवी दोरी आणि पायथ्याचा गाता यांच्यातल्या मोकळ्या जागेत दुसरी दोरी उलटसुलट ओवून ओढून घ्यायची. बाजेचा सगळा ताण या ओढीवर असतो. बाज पंधरा दिवसांनी सैल पडली, झोळ आला, तर सबंध वीण सोडायची नाही, पायथ्याची दोरी तेवढी ओढायची. म्हणून आळस करून ही जागा सोडायला विसरू नका. ज्या बाजेला पायथ्याची ओढ नाही ती दुसऱ्या महिन्यात पाळणा होते.

जुन्या सांगाड्यात ढेकूण असण्याची भीती असते. विणायच्या आधी सगळ्या सांध्यांत उकळतं पाणी ओता आणि सांगाडा दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटा-सुलटा ठेवा. औषधं फवारायची गरज पडत नाही.

आणि बाज विणली की ती घरात ठेवू नका. तिन्हीसांजेला अंगणात किंवा गच्चीवर पाण्याचा सडा मारा, जमीन निवली की बाज बाहेर काढा. दिवसभर कितीही तापलं तरी आपल्या बालाघाटच्या माळावर रात्री वारं सुटतं. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला उत्तरेकडं उंचावर सप्तर्षी दिसतात. आपल्याकडं त्यांना म्हातारीची बाज म्हणतात. चार तारे म्हणजे बाजेचे चार माचवे, आणि मागचे तीन म्हणजे ती चोरायला आलेले चोर. ज्यानं दुपारी बाजेचे माचवे धरले आहेत त्या लेकराला ही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. चौकोनातले पुढचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, जोडून ती रेघ साधारण पाचपट पुढं नेली की ध्रुव सापडतो. आपल्या उदगीरहून तो क्षितिजापासून सुमारे अठरा अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर जवळपास दोन मुठी वर. तीन चोरांतल्या मधल्याजवळ एक बारीक तारा आहे. मोठा वसिष्ठ, बारीक अरुंधती. पूर्वी यावरून नजर तपासायचे. त्या चोरांच्या वळणानं पुढं गेलं की तांबूस स्वाती लागते आणि आणखी पुढं चित्रा. याला दुर्बीण लागत नाही, अंधार तेवढा लागतो. अंगणातला दिवा तासभर बंद ठेवा.

खाण्याच्या कामात लेकरांना सगळ्यात जास्त गोडी असते, आणि टाकाऊतून काढायचं शहाणपणही तिथंच सगळ्यात जास्त आहे. कुरडयाच घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर निवळत ठेवायचा. पहाटे वरचं पाणी काढायचं ते मोरीत नाही, म्हशीच्या आंबोणात. चीक शिजला की सोऱ्या हातात घ्यायच्या आधी वाटीवाटी लेकरांना द्यायचा, कुणाला दूध-साखर घालून, कुणाला तेल-मीठ लावून. वाटी हातात मिळाल्याशिवाय आमच्या घरात कुणी गच्चीवर चढत नसे. आणि पिळून उरलेला गव्हाचा चोथा? तो टाकायचा नाही. त्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ, मीठ घालून भुसवड्या घालायच्या. आषाढात पावसाची झड लागते तेव्हा कुरडईआधी भुसवडी संपते, हे मी दरवर्षी बघते.

वाळवणाला कापड जुनं सुती लुगडंच हवं, प्लास्टिकवर खालून घाम धरतो. पापडी कापडाला चिकटली तर ओढायची नाही. कापड उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवला की पापडी सुटते. राखणीला लेकरं बसवायची, सावलीत, हातात काठी देऊन. पगार म्हणून अर्धवट वाळलेला सांडगा किंवा पापडी. ती खाताना पोट दुखेल असं मोठी माणसं म्हणतात, मला वाटतं तेवढ्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

आंब्याची आढी घालायलाही लेकरांना सोबत घ्या. गावरान आंबा पाडाला आला की उतरवायचा, काळोख्या खोलीत कडब्याचा थर, त्यावर आंबे, त्यावर परत कडबा. रोज एकानं हात घालून बघायचं. नाकाला आधी कळतं, हाताला नंतर. खाल्लेल्या कोया उकिरड्याच्या कडेला टाका. पाऊस पडला की त्या रुजतात, आणि रुजलेली कोय दगडावर घासली की तिची पिपाणी वाजते.

खेळण्यांवर मी बाजारात पैसा घालवला नाही. ज्वारीच्या धांड्यातून बैलगाडी होते. पेर सोलून वरची साल वेगळी काढायची, आतला मऊ भेंड वेगळा. भेंडाच्या तुकड्याची चाकं, धांड्याचं जू, आणि सगळं टोचायला सालीच्या काड्या किंवा बाभळीचे काटे. त्याच सालीचा वाकवून चष्मा होतो. साल फार धारदार असते, ती लहानग्याला मोठ्यांनी काढून द्यावी. चिंचा फोडून झाल्या की चिंचोके राखून ठेवा. एका बाजूनं दगडावर घासले की पांढरी बाजू निघते, आणि कवड्या नसल्या तरी पट मांडता येतो. खडूनं फरशीवर घरं आखा, दुपार निघून जाईल. आणि शिकलेल्या सुनांना सांगते, पुण्याचे अरविंद गुप्ता यांचं काम जरूर बघा. आयआयटीत शिकलेला हा माणूस काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुन्या पेट्या यांतून विज्ञानाची खेळणी करत आला. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे करून त्यांत काड्या खोचल्या की त्रिकोण, चौकोन, घरं उभी राहतात. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन लवतो. छपराची कैची त्रिकोणी का असते हे लेकराला तिथंच कळतं. सायकलच्या दुकानात ही नळी मिळते.

एखाद्या संध्याकाळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून सगळ्यांना किल्ल्यात न्या. उदागीर बाबांच्या समाधीला हात जोडा, खंदकाच्या काठानं फिरवा. १७६० च्या सुरुवातीला सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथंच नमवलं आणि पुढच्या जानेवारीत पानिपत झालं, हे तिथं उभं राहून सांगा. आणि तिथला एक चिराही कुणी उचलणार नाही हेही त्याच वेळी सांगून ठेवा. आपण वापरतो ती टाकलेली वस्तू. किल्ल्याचा दगड कुणी टाकलेला नाही.

आता लाकडाचं, आणि हे घरातल्या कर्त्या माणसांनी नीट वाचावं. गावोगाव जुने वाडे, माळवदं पडत आहेत. तुळया, खांब, किलच्या, चौकटी निघतात आणि जळणाच्या भावात जातात. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं सागवान आता वाकायचं-तडकायचं राहत नाही, तसं लाकूड नव्यानं घ्यायला परवडत नाही. घ्यायच्या आधी ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर आत भरीव आहे, बद्द आला तर वाळवीनं पोखरलंय. खिळे काढून दगडावर सरळ करून डब्यात ठेवा. रंधा मारायच्या आधी एकही खिळा आत राहिलेला नाही हे बोटानं चाचपा, नाहीतर पातं जातं. किलच्यांचे पाट, फळ्या, पुस्तकांची मांडणी, देवघर, काहीही होतं. वरून जवसाचं तेल लावा, दोन दिवसांच्या अंतरानं तीन हात. पण ज्या चिंधीनं तेल लावलं ती गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तुळया वापरा, पण डोक्यावर मातीचं माळवद परत घालू नका. माळवद उन्हाळ्यात गार असतं हे खरं आहे, त्यात झोपलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडं भूकंपात जे झालं ते दगड-मातीच्या जाड भिंती आणि छतावरच्या मातीच्या ओझ्यानं झालं. चिखलात रचलेल्या भिंती सुटल्या आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. गारवा हवा तर तट्टी आहे, चुना आहे, अंगणात लिंब आहे. जड छत नको. यात माझं मत कधी बदलणार नाही.

पाण्याबद्दल फार सांगत नाही, तुम्ही मराठवाड्याची लेकरं आहात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा डब्यांत पाच लाख लिटर, हे तुम्हाला आठवत असेल. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला जायलाच हवं. माठाचं तेवढं सांगते. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, ते माठाच्या छिद्रांत बसले की पाणी गार होईनासं होतं. नारळाच्या शेंडीनं बाहेरून घासा, साबण लावू नका. तरीही गार होत नसेल तर तो माठ सीताफळाच्या किंवा लिंबाच्या रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरा. तळाला बारीक छिद्र पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवा, वर झाकण ठेवा. मुळाशी थेंब थेंब ओल राहते आणि वर ऊन पाणी पीत नाही.

आणि दोन माठ असतील तर एकात एक ठेवा, मध्ये वाळू भरा, वाळू ओली ठेवा, तोंडावर ओलं फडकं. आत भाजी ठेवा. नायजेरियातल्या मोहम्मद बा अब्बा नावाच्या शिक्षकानं वीज नसलेल्या खेड्यांसाठी ही युक्ती घरोघर पोचवली आणि २०००मध्ये त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडं तीन दिवसांत सुकणारी वांगी सत्तावीस दिवस टिकली. आपली एप्रिल-मेची हवा कोरडी आहे, म्हणून आपल्याकडं ती चालते. पावसाळ्यात चालणार नाही, हवेतच ओल असली की वाळूतलं पाणी उडत नाही. माठ आखितीला पूजेचा आणतोच आपण, जुना बाहेर काढायच्या ऐवजी नव्याला जोडीला लावा.

काही वस्तू मात्र कितीही फुकट मिळाल्या तरी घरात आणायच्या नाहीत. फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी पाण्याला, धान्याला, जनावरांच्या पाणवठ्याला वापरायचा नाही. त्याला भोकं पाडून निकामी करून बाजूला ठेवा. जुने सिमेंटचे पत्रे कापू नका, फोडू नका, त्यांच्या धुळीतला ॲस्बेस्टॉस फुप्फुसात बसतो. रंग दिलेलं लाकूड चुलीत घालू नका. टायर, फ्लेक्स, वायरी जाळू नका. फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर पावसाळ्यात पांघरायला चांगला, त्यापलीकडं त्याला काम नाही. युरियाची पोती धुऊन तळवट शिवा, पण त्यात खायचं धान्य साठवू नका.

गोधडीचं सांगायचं राहिलं. सुती लुगड्यांचे थर अंथरून आधी चारी कडा टाचा, मग कडेकडून आत धावदोरा घालत या. मऊ झालेलं लुगडं अंगाकडच्या बाजूला, जाड बाहेरच्या बाजूला. प्रत्येक थरात कुणाचं लुगडं आहे ते शिवताना लेकरांना सांगत जा, सासूबाई तसं करायच्या. मला माझ्या आजेसासूबाईंच्या लुगड्याचा रंग ठाऊक आहे तो त्यामुळंच.

मृग साधारण सात-आठ जूनला लागतो. त्याच्या आत तट्ट्या उतरवून कोरड्या जागी उभ्या करा, बाजा आत घ्या, धान्यात लिंबाचा वाळलेला पाला घालून कणग्या बंद करा. लेकरांनी गोळा केलेल्या निंबोळ्या सावलीत वाळवून पोत्यात भरा. पुढं पाच किलो कुटलेल्या निंबोळीचा अर्क शंभर लिटर पाण्यात करून कपाशीला, भाजीला फवारता येतो. आणि मग माळ्यावर एक नजर टाका. जिला उन्हाळाभर काही काम मिळालं नाही ती वस्तू भंगारवाल्याला बिनदिक्कत द्या. घराचं गोदाम करायला मी सांगितलेलं नाही. यंदा सगळं जमलं नाही तरी बाज तेवढी विणा. सांगाडा माळ्यावर डाव्या हाताला आहे, साड्यांचं गाठोडं त्याच्याच खाली ठेवलंय.